एडीएचडी आणि भोवतालची माणसे

एडीएचडी म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकवणे, मनाची ऊर्मी आवरणे आणि कामाची आखणी करणे या क्षमतांवर त्याचा परिणाम होतो. बुद्धीच्या कमी-अधिकपणावर तो ठरत नाही. जगभरात सुमारे ५ टक्के मुलांत तो आढळतो आणि त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही टिकतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, ७० ते ८० टक्के मानला जातो. लाड किंवा ढिली शिस्त हे त्याचे कारण नव्हे.

१९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन केले होते. आज निदानासाठी लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. ती किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा किंवा कामाची जागा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी असावीत. रक्ततपासणी किंवा स्कॅनवरून हे निदान होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर माहिती घेऊन ते करतात. वर्गात गप्प बसून हरवलेल्या मुलीकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्यामुळे मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते.

मोठ्या माणसाच्या आयुष्यात हा विकार कसा दिसतो? खात्यात पैसे असतात, वीजबिलाची शेवटची तारीख ठाऊक असते, मोबाइलवर आठवणही येते. तरी बिल राहून जाते आणि दंड भरावा लागतो. तोच माणूस आवडीच्या कामात रात्र जागून काढतो. मग घरचे म्हणतात, ‘मोबाइलवर तासन्‌तास बसतोस, तेव्हा बरं लक्ष लागतं!’ या विकारात लक्ष मुळीच नसते असे नाही. ते हवे तिकडे वळवणे जड जाते. डोपामाइनसारख्या मेंदूतील रसायनांच्या कार्याशी त्याचा संबंध आहे. ज्या कामाचे फळ लगेच मिळत नाही, ते सुरू करणेच अवघड होते.

वेंधळा, धांदरट, आळशी, ‘हुशार आहे, पण मन लावत नाही’ ही विशेषणे लहानपणापासून कानी पडली की मूल ती खरी मानू लागते. आईलाही ‘लाडावून ठेवलंय’ असे ऐकावे लागते. अशा व्यक्तींत चिंता आणि नैराश्याचे प्रमाण अधिक दिसते. सततची दूषणे त्यात भर घालतात. ‘मनावर घे, होईल नीट’ हा सल्ला नैराश्यग्रस्तालाही तसाच मिळतो आणि मदत मागणे लांबते.

उपचारांत समुपदेशन, पालकांचे प्रशिक्षण, दिनक्रमाची बांधणी आणि गरजेनुसार औषधे यांचा समावेश होतो. मेथिलफेनिडेट हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायचे असते. सूचना एकावेळी एकच द्यावी, ती लिहून ठेवावी, मोठे काम लहान टप्प्यांत वाटावे. हे घर आणि शाळा दोघांनाही जमते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराइतकेच विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे. सल्ल्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. कायदा आणि सेवा असूनही पहिले पाऊल घरातच पडते. म्हणून मूल वा मोठा माणूस अडचण सांगू लागला, तर उपदेश करण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे आणि तज्ज्ञाकडे जाताना त्याच्या सोबत जावे.