बोलली जाणारी मराठी कशी बदलत आली : ठाणे-कल्याण परिसराच्या आधारे

भाषा परिवर्तनशील असते हे तत्त्व आपण मागील घटकात पाहिले. ते तत्त्व प्रत्यक्ष कानांनी पडताळून पाहावयाचे असेल तर डोंबिवलीच्या फलाटावर दहा मिनिटे उभे राहावे. एक प्रवासी विचारतो, "काय झालं?" शेजारच्या खेड्यातून आलेला आगरी प्रवासी विचारतो, "काय झाला?" आणि कोणाच्या हातातील वर्तमानपत्रात तेच 'काय झाले?' असे छापलेले असते. यांतील शुद्ध कोणते, असा प्रश्न संपर्कसत्रात हमखास येतो. विचारणारा पुष्कळदा आपल्या घरच्या बोलण्याविषयी मनातून संकोचलेला असतो. भाषेचा अभ्यासक मात्र आधी दुसरा प्रश्न विचारतो : ही तीन रूपे आली कोठून?

गेलेला आवाज कसा ऐकावा?

ध्वनिमुद्रणाची सोय होण्यापूर्वीचे बोलणे हवेत विरून गेले. त्याचा माग आपल्याला लिखाणातूनच काढावा लागतो. या दृष्टीने ठाणे-कल्याण परिसर भाग्यवान आहे. कन्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. तेथे गावाच्या नावातील 'ल्य' हे जोडाक्षर सुटून 'लिय' झालेले दिसते. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी 'स्थानक' येथे होती. त्या नावातील 'स्थ' बोलता बोलता 'ठ' झाला आणि आपले 'ठाणे' तयार झाले.

याच शिलाहार घराण्यातील अपरादित्याचा इ. स. ११८७ चा शिलालेख परळ येथे सापडला. लेख संस्कृतात आहे. परंतु दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे. शाप ज्यांना लागायचा त्यांना तो समजला पाहिजे, हा व्यवहार त्यामागे असावा. (भाषेच्या अभ्यासकाने शिव्याशापांचे ऋण मानावे, असे म्हणतात ते उगीच नव्हे.) त्यात 'तेया' असे रूप येते. आजचे 'त्या' ते हेच. दोन अक्षरांचा उच्चार आक्रसून एका जोडाक्षरात मावला. 'देवाची' हे रूप मात्र आठ शतकांनंतरही जसेच्या तसे आहे. सारेच एका वेगाने बदलत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

'झालें'ची तीन लेकरे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या मराठीत नपुंसकलिंगी एकवचनाच्या शेवटी सानुनासिक 'एं' होता : झालें, केलें, सोनें. गोव्याच्या कोकणीत हा नाकातला 'एं' आजही ऐकू येतो. देशावरच्या बोलण्यात त्याच्या जागी 'झालं', 'केलं' असा लांबट अकार उरला. आगरीत तोच स्वर, तोंड अधिक उघडून, 'आ' झाला : झाला, केला. छापील 'झाले'ने जुना 'ए' राखला, पण अनुस्वार सोडला.

यामुळे आगरीत पुल्लिंग व नपुंसकलिंग यांची एकवचनी रूपे एकसारखी झाली. 'पान पडला' असे ऐकताच वर्गात हशा पिकतो, कारण ऐकणाऱ्यास ती लिंगाची चूक वाटते. वस्तुतः तो एका स्वराचा नियमित प्रवास आहे.

नियमितपणाचे आणखी एक उदाहरण पाहू. आगरीत 'घोडा' हा 'घोरा' होतो आणि 'गाडी' ही 'गारी'. परंतु 'डोंगर' हा 'डोंगर'च राहतो. असे का? 'डाव' आणि 'गाडी' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'डाव'मध्ये जीभ टाळूला टेकून ठामपणे सुटते. 'गाडी'त ती टाळूला ओझरती आपटून पुढे जाते. दोन स्वरांमधील हा ओझरता 'ड' हिंदीत अक्षराखाली टिंब देऊन वेगळा दाखवतात. तो आणखी एक पाऊल सैल झाला की 'र' होतो. 'डोळा' या शब्दाचे आगरी रूप 'डोला'. येथे आरंभीचा 'ड' टिकला आणि 'ळ'चा 'ल' झाला. बोलणाऱ्याला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, तरी तो चुकत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) उत्तर कोकणातील बोलींचे नमुने नोंदवलेले आहेत. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावेत.

लेखन मागे राहते

बोलणे पुढे जाते आणि लेखन मागे रेंगाळते. इंग्रजीत हे फार ठळक दिसते. सुरी या अर्थाचा 'नाइफ' हा शब्द लिहिताना आरंभी 'के' हे अक्षर येते, कारण एके काळी तेथे 'क्' खरोखरच उच्चारला जाई. पंधराव्या ते अठराव्या शतकांदरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. पण त्याच काळात छपाईने शब्दांची रूपे गोठवली. मराठीत 'नांव', 'गांव', 'दांत' यांवरील अनुस्वार असाच गोठलेला होता. 'ग्राम'मधील 'म' विरघळून त्याचा नाकातला नाद तेवढा उरला आणि पुढे तोही लोपला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीने आपला 'के' अजून सोडलेला नाही.

मग पुण्याकडील बोलणे 'प्रमाण' कसे ठरले? मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. त्या सुमारास शालेय पुस्तके आणि छापखाने यांना एकच एक रूप हवे होते, आणि ते ठरवणारी पंडितमंडळी बहुतांशी पुण्याच्या भाषेशी जोडलेली होती. उच्चाराच्या गुणवत्तेचा त्यात काही भाग नव्हता.

पाहुणे शब्द

ठाण्यावर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. पगार, तुरुंग, घमेले, बिजागरी, लिलाव हे शब्द त्यांच्याकडून मराठीत आले. 'चावी'ची गोष्ट विशेष मौजेची आहे. आज लिस्बनमध्ये या शब्दाचा आरंभ 'श'ने होतो. सोळाव्या शतकात तेथे 'च' होता. तिकडे बदललेला उच्चार आपल्या कुलपाजवळ सुरक्षित राहिला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली, पुढील वर्षी कल्याणास पोहोचली आणि तिच्याबरोबर इंग्रजी शब्दही उतरले. आरंभीचे जोडाक्षर जिभेला जड गेले म्हणून 'ठेसन' झाले. 'प्लॅटफॉर्म' झिजून 'फलाट' झाला. हे शब्द डोळ्यांनी वाचून आलेले नाहीत, ते कानांनी घेतलेले आहेत. त्यांच्या रूपांवरूनच ते कळते. अलीकडे आलेले 'स्लो', 'फास्ट' मात्र जोडाक्षरांसह तसेच उच्चारले जातात, कारण आता बोलणाऱ्याने ते शाळेत वाचलेले असतात.

आजचे बदल आपल्यासमोरच घडत आहेत. 'म्हणाला'च्या जागी 'बोलला', 'मला मदत कर'ऐवजी 'माझी मदत कर' ही रूपे लोकलच्या डब्यात सर्रास ऐकू येतात. हिंदीचा शेजार त्यात स्पष्ट दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या कानाला दुसरे रूप अजून खटकते. परंतु 'झालें' म्हणणाऱ्या पूर्वजाच्या कानाला 'झालं'ही खटकले असेल.

स्वाध्याय : आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीशी पंधरा मिनिटे बोला. प्रमाण मराठीहून वेगळे वाटणारे दहा शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणेच लिहून घ्या आणि त्यांपैकी कोणते शब्द एकाच नियमाने बदललेले दिसतात ते शोधा. लिहून घेताना त्यांचे बोलणे दुरुस्त करू नका.