संग्रहालयात कुणी ओळखीचं आहे का?

वर्सोव्याच्या सोसायट्यांत बँकेतली किंवा चित्रपटाच्या सेटवरची ओळख चटकन निघते. मित्राच्या मुलीला संग्रहालयात नोकरी हवी असली, की मात्र शोधाशोध सुरू होते. कुणाच्या तरी काकांचं नाव पुढे येतं, बायोडेटा व्हॉट्सॲपवर जातो आणि 'बघतो' या उत्तरावर विषय संपतो.

मुळात संग्रहालयांचे धनी वेगवेगळे. १९२२ साली लोकांसाठी खुलं झालेलं फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विश्वस्त मंडळ चालवतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं, तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालचं. राज्याची संग्रहालयं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. तिथली राजपत्रित पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. सरकारी भरतीत जाहिरात, पात्रता आणि निवडप्रक्रिया आली. काकांनी तिथे लुडबुड न केलेलीच बरी.

म्हणून ओळख फुकट जाते असं नाही. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी १९१७ साली बोस्टनच्या संग्रहालयात भारतीय विभाग सांभाळू लागले, त्यामागे डेन्मन रॉस या संग्राहकाचा हात होता. रॉस यांनी कुमारस्वामींचा कलासंग्रह विकत घेऊन संग्रहालयाला दिला आणि त्याच्यासोबत त्याचा जाणकारही तिथे आला. शब्द टाकणारा वजनदार होता खरा, पण कुमारस्वामींचं लेखन आणि संग्रह आधीपासून जगासमोर होते.

मित्राच्या मुलीकडे एवढं कुठून असणार? तिच्यासाठी आधी प्रशिक्षण. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं. मुंबईत फोर्टातल्या आणि भायखळ्याच्या संग्रहालयांनीही पदव्युत्तर पदविका चालवल्या आहेत.

'आमची मुलगी इतिहासाची नाही' ही अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. वस्तूंच्या जतनाला रसायनशास्त्र लागतं. फोर्टातल्या संग्रहालयाचं निसर्गदालन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं, तिथे प्राणिशास्त्र कामाला येतं. वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथे माशांचं वर्गीकरण शिकलेल्या मुलीने हा रस्ता परका का मानावा? अभिरक्षकाच्या खुर्चीशिवाय नोंदणी, मांडणी, छायाचित्रण, ग्रंथालय, शाळांसाठीचे उपक्रम अशीही कामं असतात. २०१५ पासून फोर्टातल्या संग्रहालयाची बस गावोगावी प्रदर्शन घेऊन फिरते. मुलांशी बोलता येणारा माणूस तिथेही हवाच.

तेव्हा ओळखीच्या माणसाकडे नोकरी मागण्यापेक्षा अर्धा तास मागावा. कोणत्या विभागात माणसं कमी आहेत, उन्हाळ्यात उमेदवारी करता येईल का, अर्जात कोणतं काम दाखवावं, हे आतला माणूसच सांगू शकतो. शिफारसपत्रही वडिलांच्या मित्राचं नको. जिच्या हाताखाली मुलीने काम केलं, त्या प्राध्यापिकेचं हवं. मानधन किती, कंत्राट किती महिन्यांचं, हे मात्र रुजू होण्याआधीच विचारून घ्यावं. वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपर आणि पुढे लोकलने भायखळा, हा रोजचा खर्च घरातूनच करावा लागणार असेल तर तो हिशेब घरच्यांसमोर आधी मांडलेला बरा.