टीसीतल्या तेलाचा मागोवा

३१ डिसेंबर २०२५ ही तारीख आली आणि गेली. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, या विषारी द्रवाचा वापर देशात त्या दिवसापर्यंत पूर्ण थांबवावा, असा केंद्र सरकारचा २०१६चा आदेश होता. आमच्या कर्नाटकातल्या गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यात, कडगंचीत किंवा आळंदमध्ये, त्या तारखेचं नाव कुणी काढलं नाही, हे मला फार लागलं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९२९पासून पीसीबी बनू लागलं. ते सहज पेट घेत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरलं गेलं. १९६८मध्ये जपानात ते कोंड्याच्या खाद्यतेलात मिसळलं आणि घरंच्या घरं आजारी पडली. १९७९मध्ये अमेरिकेनं उत्पादन बंद केलं. भारतात ते कधी बनलं नाही, बाहेरून आलं.

मला बोलायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल. तेव्हा आमच्याकडे केईबी, म्हणजे कर्नाटकचं वीज मंडळ, होतं. तुरीच्या रानात बोअर वाढले, टीसीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला. टीसी जळला की शेतकरी वर्गणी काढायचे आणि ट्रॅक्टरवर घालून तो गुलबर्ग्याला न्यायचे. त्या काळचे जुने लाइनमन कामाला पक्के होते. तेलाची पातळी बघायचे, ओल शोषणारं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी पडलं ते बघायचे, तेल किती व्होल्टेज सोसतं याची चाचणी झाल्याशिवाय टीसी चार्ज करू द्यायचे नाहीत. ती शिस्त आता राहिली नाही, त्याचं मला दुःख आहे.

पण त्या चाचणीत तेलात काय मिसळलंय हे कळत नसे. फिल्टर मशीन एकच. आज कारखान्याच्या आयात केलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला लागलेलं, उद्या गावच्या टीसीला. पीसीबी असंच एका टाकीतून दुसरीत जातं. शुद्ध पीसीबी पाण्यात बुडतं, साधं तेल तरंगतं. मिसळलेलं मात्र डोळ्यांना ओळखू येत नाही. मी काम केलेल्या एका कारखान्यात गळके कपॅसिटर भंगारवाल्याला वजनावर दिले जात. विचारलं तर साहेब म्हणाले, ‘तेल म्हणजे तेल.’ ते उत्तर मी अजून माफ केलेलं नाही. असलं जुनं तेल लोक घरी नेऊन गुडघ्याला चोळत, चुलीत ओतत. पीसीबी असं कमी आचेवर जळलं की डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात.

पुढची वर्षं कागदाची. पीसीबीसारख्या रसायनांवरचा २००१चा स्टॉकहोम करार, २००६मध्ये भारताची मान्यता, मग २०१६चा आदेश. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पीसीबीला कर्करोगकारक ठरवलं होतं. आदेशात जवळपास दहा वर्षांची मुदत होती, तरी आमच्या भागातल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये तेलाचा नमुना घ्यायला आलेलं माणूस मी पाहिलं नाही. जो रोज तेलात हात घालतो, त्यालाच कुणी सांगितलं नाही.

२००९मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ कडगंचीतच आहे. त्याच्या रसायनशास्त्र विभागानं इथली वीज कंपनी जेस्कॉमला सोबत घेऊन जुन्या टीसींचे नमुने तपासावेत. दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा जास्त पीसीबी निघालं, तर तो टीसी वेगळा काढावा. तोवर वाचकांनी जुनं तेल उघड्यावर ओतू नये, जाळू नये, अंगाला लावू नये, भंगारात देऊ नये. साठलेल्या पीसीबीची सुरक्षित विल्हेवाट लावायला करारात २०२८पर्यंतची मुदत आहे.