‘घरपोच’, ‘घरोघर’ आणि ‘दारोदार’

‘घरपोच’ हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. ‘घर’ हे नाम व ‘पोच’ हा धातू यांच्या योगाने तो सिद्ध झाला. ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचती, हा त्याचा अर्थ. ‘घरोघर’ हा द्विरुक्त शब्द ‘प्रत्येक घरी’ असे सुचवितो, तर ‘दारोदार’ या शब्दास याचनेची छटा आहे. आमच्या सुर्ल्यासारख्या गावी पोदेर (मूळ पोर्तुगीज ‘पादेइरो’) सायकलीचा भोंगा वाजवीत येतो. तो घरोघर फिरतो, पाव घरपोच देतो. परंतु ‘दारोदार हिंडतो’ असे विद्यार्थ्याने लिहिल्यास आम्ही तेथे तांबडी रेघ ओढतो. कष्टाने पोट भरणाऱ्यास नकळत याचक ठरविणारी ही चूक केवळ भाषेची नव्हे.