रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांची भरती : भिलाई आयआयटीच्या विस्तारापुढील खरी कसोटी

नेहरू नगर (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसह (आयआयटी) देशातील पाच नव्या आयआयटींच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 7 मे 2025 रोजी मंजुरी दिली. इमारती, निधी आणि विद्यार्थीसंख्या यांचे आकडे त्यामुळे निश्चित झाले. या संस्थांत शिकवणारे आणि संशोधन उभे करणारे शास्त्रज्ञ मिळवणे मात्र त्याहून अवघड आहे. रसायनशास्त्रासारख्या प्रयोगनिष्ठ विषयात तर नियुक्तीपत्र दिल्यानंतरही भरतीचे निम्मे काम शिल्लक राहते, कारण प्रयोगशाळेवाचून रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक अपुरीच असते.

भिलाई, तिरुपती, पालक्काड, जम्मू आणि धारवाड या पाच संस्थांसाठी 2025-26 ते 2028-29 या चार वर्षांकरिता 11,828.79 कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पाचही संस्थांतील एकूण विद्यार्थीसंख्या 7,111 वरून 13,687 वर नेण्याचे उद्दिष्ट आहे. प्राध्यापक दर्जाच्या, म्हणजे वेतनस्तर 14 व त्यावरील, 130 पदांच्या निर्मितीलाही या निर्णयात मान्यता मिळाली.

आयआयटींमध्ये दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण अपेक्षित मानले जाते. त्या हिशेबाने वाढीव साडेसहा हजार विद्यार्थ्यांसाठी सुमारे 650 शिक्षक लागतील. ज्येष्ठ पदांइतकीच सहायक प्राध्यापकांची भरतीही त्यामुळे निर्णायक ठरणार आहे. देशभरातील आयआयटींमध्ये मंजूर सुमारे 11 हजार शिक्षकपदांपैकी जवळपास साडेचार हजार पदे रिक्त असल्याची माहिती सरकारने डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत दिली होती. नव्या संस्थांना उमेदवारांसाठी जुन्या आणि नामांकित संस्थांशीच स्पर्धा करावी लागते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

दहा वर्षांची संस्था

भिलाईच्या आयआयटीचे वर्ग 2016 मध्ये रायपूरजवळील सेजबहार येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाले. कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते 14 जून 2018 रोजी झाली. नेहरू नगरपासून काही किलोमीटरवर, दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे उभारलेले हे संकुल 20 फेब्रुवारी 2024 रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

हा स्थलांतराचा टप्पा रसायनशास्त्रासाठी विशेष महत्त्वाचा आहे. संगणकशास्त्राचा किंवा गणिताचा विभाग उसन्या इमारतीत काही वर्षे काढू शकतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला विषारी वाफा बाहेर टाकणारे फ्यूम हूड, स्वतंत्र वायुवीजन, ज्वलनशील द्रावकांसाठी सुरक्षित कोठार, वायूंच्या सिलिंडरसाठी वेगळी जागा आणि अखंड वीजपुरवठा लागतो. अशी व्यवस्था तात्पुरत्या आवारात उभारून पुन्हा हलवणे खर्चिक असते. जागेचा प्रश्न किती काळ रेंगाळू शकतो, हे 2016 मध्येच सुरू झालेल्या गोव्याच्या आयआयटीने दाखवून दिले आहे. फर्मागुडी येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झालेल्या या संस्थेचा सत्तरी तालुक्यातील शेळ-मेळावली येथील नियोजित प्रकल्प स्थानिकांच्या विरोधानंतर जानेवारी 2021 मध्ये रद्द करावा लागला. त्या तुलनेत भिलाईची बाजू आज भक्कम आहे.

पात्रता आणि वेतन

आयआयटीत सहायक प्राध्यापक (श्रेणी 1) या पदासाठी पीएचडी, त्यापूर्वीच्या पदवीत प्रथम श्रेणी आणि पीएचडीनंतरचा किमान तीन वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो. अनुभव कमी असलेल्या गुणवान उमेदवाराला श्रेणी 2 मध्ये कंत्राटी स्वरूपात घेता येते. सहयोगी प्राध्यापकासाठी सहा वर्षांचा, तर प्राध्यापकपदासाठी दहा वर्षांचा अनुभव लागतो. सातव्या वेतन आयोगानुसार श्रेणी 1 च्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 1,01,500 रुपयांपासून, सहयोगी प्राध्यापकाचे 1,39,600 रुपयांपासून आणि प्राध्यापकाचे 1,59,100 रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता व अन्य भत्ते त्याव्यतिरिक्त असतात.

नियमांतील किमान अट आणि प्रत्यक्षातील स्पर्धा यांत अंतर आहे. रसायनशास्त्रात अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकांनी पीएचडीनंतर परदेशात एक किंवा दोन ठिकाणी पोस्ट-डॉक्टरल संशोधन केलेले असते. पहिली कायमस्वरूपी नोकरी मिळेपर्यंत त्यांचे वय तिशीच्या मध्यावर गेलेले असते. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, आई-वडिलांचे आजारपण यांचा विचार या वयात टाळता येत नाही. पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबाद येथे दोघांनाही काम मिळण्याची शक्यता अधिक असते. मध्यम आकाराच्या शहरातील संस्थेला ही उणीव अन्य मार्गांनी भरून काढावी लागते. भिलाई हे पोलाद कारखान्यामुळे वसलेले, शाळांसाठी आणि जेईईच्या तयारीसाठी ओळखले जाणारे शहर असून हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे. गोंदिया, नागपूर आणि विदर्भातील अन्य भागांतून येणाऱ्या मराठी कुटुंबांना ते परके नाही.

निवड कशी होते

बहुतेक आयआयटी वर्षभर खुली राहणारी जाहिरात देतात. उमेदवार आपली शोधनिबंधांची यादी, पुढील काही वर्षांचा संशोधन आराखडा, अध्यापनाविषयीचे निवेदन आणि शिफारस करू शकणाऱ्या तज्ज्ञांची नावे सादर करतो. विभागीय पातळीवर अर्जांची छाननी होते. निवडक उमेदवारांना विभागात व्याख्यानासाठी बोलावले जाते आणि त्यानंतर निवड समितीची मुलाखत होते.

निवड समितीची रचना संस्थेच्या परिनियमांनी ठरलेली आहे. संचालक अध्यक्ष असतात. नियामक मंडळाने आणि अधिसभेने नामनिर्देशित केलेले बाह्य तज्ज्ञ सदस्य असतात. प्राध्यापकपदाच्या निवडीत अभ्यागत या नात्याने राष्ट्रपतींचा प्रतिनिधीही असतो. तंत्रज्ञान संस्था अधिनियम, 1961 नुसार शिक्षकांच्या नियुक्तीचा अधिकार नियामक मंडळाकडे आहे.

रसायनशास्त्राच्या मुलाखतीत दोन बाबी प्रामुख्याने तपासल्या जातात. उमेदवाराची कल्पना त्याच्या मार्गदर्शकाच्या कामापेक्षा वेगळी आहे का, ही पहिली. उपलब्ध साधनांत ती कल्पना प्रत्यक्षात येऊ शकते का, ही दुसरी. विभागातील विद्यमान अध्यापकांच्या कामाशी नव्या उमेदवाराचे काम पूरक ठरते का, याकडेही लक्ष दिले जाते. सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि सैद्धांतिक या शाखांचा समतोल बिघडला, तर एमएस्सी आणि पीएचडीचे अभ्यासक्रम चालवणे कठीण होते.

आरक्षणाचा नियम

केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) अधिनियम, 2019 नुसार आरक्षणासाठी संपूर्ण संस्था हे एकक मानले जाते. अनुसूचित जातींसाठी 15 टक्के, अनुसूचित जमातींसाठी 7.5 टक्के, इतर मागासवर्गांसाठी 27 टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के पदे राखीव असतात. त्यापूर्वी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 मधील निर्णयामुळे विभाग हे एकक धरण्याची पद्धत आली होती. लहान विभागांत राखीव पदांची संख्या त्यामुळे घटण्याची भीती होती आणि त्यावर देशभर आक्षेप नोंदवले गेले. राखीव पदांचा अनुशेष भरण्यासाठी शिक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये केंद्रीय संस्थांना विशेष भरती मोहीम राबवण्याची सूचना केली होती. अनुसूचित जमातींची मोठी लोकसंख्या असलेल्या छत्तीसगडमध्ये या तरतुदीची अंमलबजावणी हा केवळ प्रशासकीय विषय राहत नाही.

टेन्युअर-ट्रॅक म्हणजे काय

अमेरिकी विद्यापीठांत सहायक प्राध्यापकाला प्रारंभी ठरावीक मुदतीसाठी नेमले जाते. साधारण सहाव्या वर्षी त्याच्या संशोधनाचे, अध्यापनाचे आणि संस्थेतील सहभागाचे बाह्य तज्ज्ञांकडून मूल्यमापन होते. त्यात यश मिळाले तर कायम पद, अन्यथा संस्था सोडावी लागते. तेथील विद्यापीठे या मुदतीच्या आरंभीच प्रयोगशाळेसाठी लाखो डॉलरचे साहाय्य देतात. मोठी अपेक्षा आणि मोठे साहाय्य या दोन्ही बाजू मिळून ती पद्धत पूर्ण होते.

भारतात आयआयटीतील नियुक्तीनंतर साधारणतः एक वर्षाची परिवीक्षा आणि नंतर कायम सेवा, अशी पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. आयआयटी परिषदेने सप्टेंबर 2019 च्या बैठकीत टेन्युअर-ट्रॅक पद्धतीला तत्त्वतः मान्यता दिली. नव्या अध्यापकाच्या कामाचा सुमारे पाच-साडेपाच वर्षांनी बाह्य समितीकडून आढावा घ्यावा, असा त्याचा आशय होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही उच्च शिक्षण संस्थांत सुयोग्य परिवीक्षा कालावधीसह टेन्युअर-ट्रॅक पद्धत आणण्याची शिफारस आहे. अमेरिकी अर्थाने ही पद्धत येथे अद्याप पूर्णपणे रुळलेली नाही.

घड्याळ केव्हापासून सुरू होते?

पाच वर्षांच्या मूल्यमापनाचा प्रश्न रसायनशास्त्रात अधिक बिकट होतो. समजा, एखादा संशोधक जुलैमध्ये रुजू झाला. फ्यूम हूड बसवणे, उपकरणांच्या निविदा, आयात आणि जुळणी यांत पहिले वर्ष सहज जाते. पीएचडीचा पहिला विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करून पूर्णवेळ प्रयोगाला लागेपर्यंत दुसरे वर्ष उजाडते. स्वतंत्र कामावरचा पहिला शोधनिबंध तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आला, तरी तो वेळेवर आला असे म्हणावे लागेल. संगणकावर गणिते करणारा सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ मात्र काही महिन्यांतच कामाला लागू शकतो. दोघांना एकच मुदत लावली, तर प्रयोग करणाऱ्याची सुरुवातच पिछाडीने होते.

सामायिक उपकरणांचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. रेणूंची रचना ओळखण्यासाठी अपरिहार्य असलेल्या एनएमआर यंत्राचा अतिवाहक चुंबक उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावा लागतो. हेलियमसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. यंत्र घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचा वार्षिक खर्च आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तरतूद महत्त्वाची असते. नमुने परगावच्या संस्थेत पाठवून निकालाची वाट पाहणाऱ्या गटाचा वेग मंदावतो.

निधीचे मार्ग

नव्या संशोधकांसाठी केंद्राच्या काही योजना आहेत. इन्स्पायर अध्यापक योजनेत पाच वर्षांसाठी दरमहा 1,25,000 रुपये आणि वर्षाला सात लाख रुपयांचे संशोधन अनुदान मिळते. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन शिष्यवृत्ती आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची 'पंतप्रधान अर्ली करिअर संशोधन अनुदान' ही योजना नुकत्याच रुजू झालेल्या अध्यापकांना तीन वर्षांसाठी 60 लाख रुपयांपर्यंत साहाय्य देते. वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम जून 2025 मध्ये केंद्राने शिथिल केले असून जागतिक निविदांना मान्यता देण्याचे अधिकार संस्थाप्रमुखांना दिले आहेत. या अनुदानांसाठी राष्ट्रीय स्तरावर स्पर्धा असते. त्यामुळे संस्थेने स्वतःच्या निधीतून दिलेले प्रारंभिक साहाय्य हाच उमेदवारासाठी खात्रीचा आधार राहतो.

आधीच्या संस्थांचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर पुण्यात 3 जानेवारी 1950 रोजी उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून जेम्स मॅकबेन या विदेशी भौतिक रसायनशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आले होते. पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन 1957 मध्ये आले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने केंब्रिजहून पीएचडी करून परतलेल्या मनमोहन शर्मा यांना 1964 मध्ये वयाच्या 27 व्या वर्षी रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक केले. आज हा विभाग रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखला जातो.

कानपूरचा दाखला भिलाईला अधिक जवळचा आहे. 1959 मध्ये स्थापन झालेल्या कानपूर आयआयटीला 1962 ते 1972 या काळात अमेरिकेतील नऊ विद्यापीठांच्या समूहाचे साहाय्य लाभले. सी. एन. आर. राव 1963 मध्ये तेथे रुजू झाले आणि अल्पावधीतच तेथील रसायनशास्त्र विभागाची गणना देशातील अग्रगण्य विभागांत होऊ लागली. महानगराबाहेरच्या नव्या संस्थेत हे घडले, कारण तरुण माणसे, उपकरणे आणि निर्णयाचे स्वातंत्र्य एकाच वेळी उपलब्ध झाले.

यापुढे काय पाहावे

भिलाईला रसायनशास्त्र नवीन नाही. सोव्हिएत संघाबरोबर 1955 मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. कोळशापासून कोक तयार करताना मिळणारे बेंझॉल, नॅफ्थलीन आणि अमोनियम सल्फेट ही या शहराची जुनी रासायनिक ओळख आहे. कार्बन उत्सर्जन कमी करणारे पोलाद, खनिजांचे शुद्धीकरण आणि सांडपाण्याची प्रक्रिया या प्रश्नांवर काम करू इच्छिणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला येथे उद्योग दाराशीच मिळतो. महानगरांतील संस्थांना ही जमेची बाजू सहसा लाभत नाही.

विस्ताराच्या चार वर्षांत किती पदांची जाहिरात निघाली, यावरून भरतीचे यश ठरणार नाही. निवडलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, रुजू झाल्यापासून किती महिन्यांत त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि पाच वर्षांनंतर त्यांपैकी किती जण संस्थेतच राहिले, हे तीन आकडे संस्थेने दरवर्षी जाहीर केल्यास उमेदवारांना आणि करदात्यांनाही खरे चित्र दिसेल.