खातं पुरतं मिटवायचं तर

फेसबुकने भारतातलं पहिलं कार्यालय 2010 साली उघडलं, ते हैदराबादेत. याच शहरातल्या जामबागेतून त्या बाजूला जायचं तर कोठीजवळच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर मेट्रोत बसायचं, अमीरपेटला गाडी बदलायची आणि हायटेक सिटीला उतरायचं. पण बँकेत जाऊन, अर्ज देऊन खातं बंद करता येतं तशी सोय इथे नाही. जे करायचं ते आपल्याच मोबाइलवर, सेटिंगच्या पोटात शिरून. म्हणून मग घरातल्या भाच्याला नाहीतर नातवाला गाठलं जातं. ‘अरे, माझं ते फेसबुक काढून टाक बाबा,’ असं काका म्हणतात, आणि तो ॲपवर बोट दाबून धरतो आणि ते उडवतो. काकांना वाटतं, सुटलो एकदाचे. खातं मात्र होतं तिथेच असतं. नाव, फोटो, जन्मतारीख, गाव, मित्रांची यादी, काहीही हललेलं नसतं.

जामबागेतल्या मराठी घरांत हा विषय जरा वेगळ्या कारणाने नाजूक आहे. इथल्या विवेकवर्धिनी शाळेचा जन्म 1907 सालचा. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने ती उभी केली, आणि तिच्या आसपास मराठी वस्ती रुजली. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. एका संस्थानातली नाती दोन राज्यांत वाटली गेली. कुणाचं माहेर नांदेडला राहिलं, कुणाची शेती परभणीकडे, कुणाचे चुलते लातूरला. आता तिसरी पिढी पुण्यात, चौथी अमेरिकेत. ही सगळी नाती एकेकाळी पत्रांवर चालायची, मग एसटीडीवर, आणि आज ती बरीचशी फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उभी आहेत. इथल्या माणसाचं खातं म्हणजे नुसता त्याचा टाइमपास नव्हे. वर्गमित्रांचा पत्ता, गणेशोत्सवातले फोटो, गेलेल्या आत्याने वाढदिवसाला लिहिलेल्या दोन ओळी, असं बरंच त्यात असतं.

म्हणून सगळ्यांनी सोशल मीडिया सोडा, असं मी सांगणार नाही. ज्याला राहायचं त्याने खुशाल राहावं. ज्याला निघायचं आहे त्याने मात्र पुरतं निघावं, एवढाच माझा आग्रह आहे. चालू खात्यावर निदान मालकाची नजर असते. अर्धवट सोडलेल्या खात्याकडे कुणी बघत नाही. त्याचा पासवर्ड जुना, त्याला जोडलेला नंबर जुना, त्यातले फोटो सगळ्यांना दिसणारे. असं खातं कुणी बळकावलं आणि नातेवाइकांना ‘अडचणीत आहे, दहा हजार पाठव’ असा मेसेज गेला, तर मालकाला ते सर्वांत शेवटी कळतं.

तीन कृती नीट वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली ॲप काढणं. याने फक्त मोबाइलमधली जागा मोकळी होते. दुसरी डीॲक्टिव्हेट करणं, म्हणजे खातं झाकून ठेवणं. फेसबुकवर असं केलं की प्रोफाइल दिसेनासं होतं, पण आतला माल सगळा शाबूत राहतो आणि मेसेंजर हवं तर चालू ठेवता येतं. पुन्हा लॉगिन केलं की खातं जसंच्या तसं उघडतं. परीक्षेच्या दिवसांत, घरात दुःख असताना किंवा नुसता वीट आला म्हणून हे करणं अगदी योग्य. तिसरी कृती कायमचं डिलीट करणं, आणि लोक अडतात ते इथे.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर डिलीटची विनंती दिली की 30 दिवसांची मुदत सुरू होते. त्या काळात एकदा जरी लॉगिन झालं आणि विनंती मागे घेतली गेली, तर सगळं मुसळ केरात. घरातला जुना टॅब, ऑफिसचा संगणक, ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हणून कधीकाळी जोडलेलं एखादं ॲप, यांतून नकळत असं होऊ शकतं. 30 दिवसांनंतर कंपनीच्या सर्व्हरवरून सगळा मजकूर निघायला साधारण 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, आधी डीॲक्टिव्हेटच करावं लागतं आणि पुढचे 30 दिवस परत न आल्यास खातं मिटतं. व्हॉट्सॲपला अशी मुदतच नाही. तिथे डिलीट म्हणजे डिलीट. तुम्ही सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता, तुमचा संदेशांचा इतिहास जातो आणि ‘चुकून झालं हो’ म्हणायला जागा उरत नाही.

तरीही काही गोष्टी मागे राहतात. तुम्ही इतरांना पाठवलेले संदेश त्यांच्या इनबॉक्समध्ये असतात. मावसबहिणीने तिच्या भिंतीवर टाकलेला तुमचा लग्नातला फोटो तिचा असतो, तो तिनेच काढायचा. आणि आपल्याकडच्या 2021 च्या आयटी नियमांनुसार, नोंदणीच्या वेळी घेतलेली माहिती खातं रद्द झाल्यानंतरही कंपनीने 180 दिवस जपून ठेवायची असते. तपासयंत्रणांसाठी ही तरतूद समजण्यासारखी आहे, पण खातं मिटवणाऱ्याला ती आधीच ठाऊक असावी.

कंपन्या काय काय साठवतात, याचा धडा जगाला मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने दिला. कायद्याचं शिक्षण घेत असताना 2011 साली त्याने फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली. युरोपीय कायद्यामुळे ती द्यावीच लागली. हाती आली ती 1200 हून जास्त पानं, आणि त्यांत त्याने स्वतः डिलीट केलेल्या गोष्टीही होत्या. मला या प्रकरणाचं मोल फार वाटतं. एका विद्यार्थ्याने फक्त अर्ज केला, चिकाटी धरली, आणि ‘डिलीट’ या बटणामागे काय चालतं ते उघड झालं. पुढे 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क स्वतंत्र कलमातच आला.

आपल्याकडेही ही लढाई विद्यार्थ्यांनीच सुरू केली. ऑगस्ट 2016 मध्ये व्हॉट्सॲपने वापरकर्त्यांची माहिती फेसबुकला देण्याचं धोरण आणलं. कर्मण्य सिंह सरीन आणि श्रेया सेठी या दोघांनी दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. 23 सप्टेंबर 2016 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की 25 सप्टेंबरपूर्वी जे आपलं खातं पूर्ण डिलीट करतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पुसून टाकावी आणि ती फेसबुकला देऊ नये. म्हणजे निर्णय घ्यायला लोकांच्या हातात दोनच दिवस होते. त्यानंतर 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. याच कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे. आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यावर हे हक्क कोणी बजावायचे, त्याचं नाव आधी नोंदवता येणार आहे. फेसबुकवर तोवर ‘लेगसी काँटॅक्ट’ची सोय आहेच. आपल्यामागे स्मृतिखातं कोणी सांभाळायचं ते ठरवता येतं, किंवा खातं मिटवलं जावं असंही आधीच सांगून ठेवता येतं. वडीलधाऱ्यांशी हे बोलायला संकोच वाटतो, पण बोलावं.

खातं सोडल्याने नक्की काय होतं, यावर अमेरिकेत हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी 2018 च्या निवडणुकीच्या सुमारास मोठा प्रयोग केला. काही वापरकर्त्यांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक डीॲक्टिव्हेट करायला लावलं. त्यांचा दिवसाचा साधारण एक तास वाचला, घरच्यांसोबतचा वेळ वाढला, मनाला थोडं बरं वाटलं आणि राजकीय कडवेपणा कमी झाला. पण बातम्यांची माहितीही घटली. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो, कारण दोन्ही बाजू त्यात आहेत. ज्याचं मन साशंक असेल त्याने थेट डिलीट करण्याआधी असेच चार आठवडे खातं झाकून पाहावं.

आपण नाही मिटवलं तरी कंपनी मिटवू शकते, हेही आपल्या पिढीने पाहिलंय. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. फोटो आणि स्क्रॅप उतरवून घ्यायला सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत होती. कितीतरी जणांच्या कॉलेजच्या दिवसांची एकमेव नोंद तिथे होती आणि ती गेली. मराठीतही चालणारं आपलं देशी ‘कू’ जुलै 2024 मध्ये बंद पडलं. तेव्हा राहणाऱ्यांनीही आपला माल उतरवून ठेवावा.

आता कामाचा क्रम. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड युअर इन्फर्मेशन’ (हल्ली ‘एक्सपोर्ट युअर इन्फर्मेशन’) शोधा आणि फोटो, संदेश, पोस्ट यांची प्रत मागवा. ती तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. ती संगणकावर उघडून पाहा. नुसती उतरवून विसरू नका, कारण फाइल अर्धवट उतरण्याचे प्रकार होतात. मग कोणकोणत्या ॲपवर फेसबुकने लॉगिन करता ते तपासा आणि तिथे ईमेल किंवा मोबाइल नंबर जोडा. नाहीतर फेसबुकबरोबर तीही दारं बंद होतील.

यानंतरचं काम मंडळं आणि संस्थांसाठी सर्वांत महत्त्वाचं आहे. गणेश मंडळ, वाचनालय, शाळेच्या एखाद्या बॅचचं पान, यांचे ॲडमिन बहुधा एकच उत्साही गृहस्थ असतात. त्यांनी खातं डिलीट केलं आणि दुसरा ॲडमिन नसला, तर ते पानही जातं. परप्रांतात मराठी टिकवणाऱ्या संस्थांच्या गेल्या पंधरा वर्षांच्या कार्यक्रमांची छायाचित्रं अनेकदा त्याच पानावर आणि फक्त तिथेच असतात. तेव्हा आधी दुसऱ्या कुणाला पूर्ण अधिकार द्या, त्याने ते स्वीकारलेत का ते बघा, मगच पुढे जा.

डिलीटचा रस्ता असा आहे: सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, आणि तिथे डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन. मध्ये ‘का जाताय’ म्हणून विचारतील, डीॲक्टिव्हेट करून पाहा म्हणतील. निर्णय पक्का असेल तर ‘डिलीट’ निवडून शेवटच्या पडद्यापर्यंत जायचं.

राहिला मोबाइल नंबर. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, त्यानंतर दिला जाऊ शकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की जुन्या नंबराशी जोडलेलं व्हॉट्सॲप खातं डिलीट करून ग्राहक गैरवापर टाळू शकतो. अबिड्सच्या जगदीश मार्केटात जुना हँडसेट विकायला नेण्याआधी किंवा मुलाने घेऊन दिलेलं नवं सिम घालून जुनं फेकून देण्याआधी हे लक्षात असू द्या. नंबर हातात आहे तोवरच ओटीपी येतो आणि ओटीपी आहे तोवरच खातं आपल्याला मिटवता येतं.

दिवाळीला मुलं-नातवंडं घरी असतात, त्यांना शेजारी बसवून हे एका दुपारी उरकता येईल. भाऊबीजेला डिलीटचं बटण दाबलं, तर मार्गशीर्ष लागून तीन-चार दिवस उलटेपर्यंत कुठल्याच यंत्रावर लॉगिन करू नका. नंतर एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपलं नाव शोधून बघा, आणि जुना नंबर परत करायचा असेल तर तो त्यानंतरच करा.