चेनव्हील : एक, तीन, दोन आणि पुन्हा एक

कृष्णेचं पाणी म्हैसाळहून कवठे महांकाळकडे आणायचं तर ते टप्प्याटप्प्यानं उचलावं लागतं. एका पंपानं, एका दमात ते वर येत नाही. मिरजेहून पूर्वेला सायकल काढलेल्या माणसाच्या मांड्यांना हा चढ नकाशाशिवाय समजतो. रस्ता डोळ्याला सपाट दिसतो, वेग मात्र पडत जातो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो म्हणून जाताना बरं वाटतं. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या का उभ्या केल्यात, ते परतताना कळतं. आणि डांबरी सोडून दंडोबाच्या किंवा कुकटोळीकडच्या गिरलिंगाच्या डोंगरवाटेला लागलं, की मुरूम, सुटी खडी आणि अंगावर येणारा चढ.

अशा मुलखात सायकलला कोणता गिअर असावा, याचं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बदलत गेलं. पुढं एक चेनव्हील होतं, त्याची तीन झाली, मग दोन, आता पुन्हा एक. दुकानात उभं राहून बघितलं तर फिरून पहिल्या जागी आल्यासारखं वाटतं. पण खरा बदल मागच्या चाकात होत होता आणि पुढचं चेनव्हील त्याच्या मागून फरफटत चाललं होतं. आपण मात्र प्रत्येक वेळी पुढं बघूनच सायकल विकत घेतली.

सुरुवात काळ्या सायकलीपासून. सोनिपतची अॅटलस १९५१ची, लुधियानाची हिरो १९५६ची. वाडीवस्तीवर या दोन, नाहीतर हर्क्युलिस. साधारण बेत असा, की पुढं ४४ दात्यांचं चेनव्हील, मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील आणि २८ इंची चाक. पायडलाच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं जाई. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी वीस किलोमीटर. सपाटीसाठी याहून चांगला एकच एक गिअर निवडणं अवघड. चढावर हाच गिअर दगड होतो: फेऱ्या निम्म्यावर येतात, पायडलावर उभं राहावं लागतं आणि मागं कॅरिअरला दुधाच्या किटल्या किंवा पेंडीचं पोतं असेल तर तेही जमत नाही. मग उतरायचं आणि ढकलायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मागं २० दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर थोडं हलकं होई, पण दहा टक्क्यांच्या सवलतीनं चढ काही सुटत नाही.

त्या काळात गिअर म्हणजे पेपरात वाचायची गोष्ट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, त्याच्या फोटोत मागच्या चाकाशी लोंबणारं ते छोटं यंत्र दिसे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना गिअर हा नखरा वाटायचा, याचं हसू येऊ नये. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजलाही तो वय झालेल्यांची सोयच वाटत होता. मागच्या चाकाशी लोंबणाऱ्या त्या यंत्राला, म्हणजे डिरेलरला, त्या शर्यतीत १९३७ साली परवानगी मिळाली.

नव्वदच्या दशकात रेंजर आली. आडवं सरळ हँडल, २६ इंची जाड टायर, भडक रंग. शाळकरी पोरांनी काळ्या सायकलीकडे बघायचं सोडलं. दिसायला ती डोंगरातली सायकल होती, पण बहुतेकींना गिअर एकच, म्हणजे काळ्या सायकलीचंच गणित, वर जाड टायरचं ओझं. डांबरीवर ती काळ्या सायकलीपेक्षा जड चाले. खरं सांगायचं तर माउंटन बाइक आपल्याकडे आधी रूपानं आली आणि तिचं काम दहा-पंधरा वर्षांनी.

ते काम अमेरिकेत आधीच ठरलं होतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायचा खेळ सत्तरच्या दशकात रंगला. १९७६ पासून त्याच्या रीतसर शर्यती झाल्या. उतरायला गिअर लागत नाही, वर न्यायला लागतो. म्हणून १९८१च्या स्पेशलाइज्ड ‘स्टम्पजम्पर’वर फ्रेंच पर्यटन सायकलींचे तीन चेनव्हीलचे क्रँक बसले आणि मागं पाच चकत्या, म्हणजे १५ गिअर. पुढच्याच वर्षी शिमानोनं डिओर एक्सटी हा डोंगरासाठीचा संच काढला. तीन चेनव्हील लावण्यामागं कारण होतं. तेव्हा मागं आजच्यासारखा मोठा पल्ला मिळत नव्हता. मागची सगळ्यांत मोठी चकती सगळ्यांत लहान चकतीच्या दुपटीच्या आसपास जाई. उरलेला पल्ला पुढून काढावा लागे.

आपल्याकडे हे २००५ नंतर उतरलं. फायरफॉक्स त्याच साली सुरू झाली, पुढं डेकॅथलॉनची रॉकरायडर आली, हिरो आणि हर्क्युलिसनंही गिअरच्या सायकली काढल्या. सांगली-मिरजेतून त्या तालुक्यात पोचल्या आणि फ्रेमवर लिहिलेला ‘२१ स्पीड’ हा आकडा पोरांच्या तोंडी बसला. किती गिअरची आहे, एवढाच प्रश्न. त्या आकड्याचा हिशेब कुणी मांडत नसे, म्हणून इथं मांडतो.

स्वस्त सायकलीचा ठरलेला संच शिमानो टूर्नीचा : पुढं ४८, ३८ आणि २८ दाते, मागं १४, १६, १८, २०, २२, २४, २८. तीन गुणिले सात, एकवीस खरे. पण ४८ला १८ दिला काय आणि ३८ला १४ दिला काय, फरक पायाला कळत नाही. ४८-२४ आणि २८-१४ तर तंतोतंत एकच. अशा जोड्या गाळल्या तर वेगळे म्हणावे असे तेराच उरतात. त्यातही चेन तिरकी ओढली जाते म्हणून मोठ्याला मोठं आणि लहानाला लहान टाळायचं असतं. आता खरी गंमत. यातला सगळ्यांत हलका गिअर २८ला २८, म्हणजे पायडलाची एक फेरी, चाकाची एक फेरी, दोन मीटरच्या थोडं वर. मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर. दंडोबाच्या शेवटच्या चढावर, मुरमावर, नेहमी सराव नसलेला माणूस हा वेग धरू शकत नाही. म्हणजे एकवीस गिअर घेऊन तो माणूस काळ्या सायकलवाल्यासारखाच उतरून ढकलतो. त्याला गिअर जास्त नको होते, एक हलका हवा होता.

यावरचा इलाज स्वस्त होता आणि अजूनही आहे. मागचं १४-२८चं फ्रीव्हील काढून १४-३४चं घालायचं. त्यात पहिल्या सहा चकत्या त्याच राहतात, सातवी एकदम ३४ होते. २४ वरून ३४ वर उडी मोठी आहे, गिअर टाकताना खडाड आवाज येतो, पण २८ला ३४ मिळालं की एका फेरीला पावणेदोन मीटरच्या आत येतो. चेन मात्र दोन-चार कड्यांनी लांब लागते आणि मागचा डिरेलर ३४ पेलणारा आहे का, ते आधी बघावं लागतं. जुने आखूड पिंजऱ्याचे पेलत नाहीत. तालुक्यातल्या मिस्त्रीला हे काम सांगितलं की तो आधी हसतो, मग करून देतो. पुढं ४२-३४-२४चा क्रँक असलेली सायकल मिळाली तर मूळच्या २८ चकतीवरही जवळपास तेवढाच हलकेपणा येतो. या दुष्काळी पट्ट्यातल्या चढांसाठी ४८चं चेनव्हील मला कधीच पटलं नाही. ते सोलापूर रस्त्यावरच्या उतारापुरतं.

बऱ्या पैशांच्या सायकलींत तोवर नऊ चकत्यांचा काळ येऊन गेला होता : पुढं ४४-३२-२२, मागं ११-३४. २२ला ३४ म्हणजे एका फेरीला एक मीटर चौतीस सेंटिमीटर. माणूस चालतो त्या वेगानं सायकल चढते. याच्या खाली गिअर नेऊन उपयोग नाही; एवढ्या सावकाश सायकलचा तोलच राहत नाही. माझ्या मते हा संच म्हणजे तीन चेनव्हीलच्या पद्धतीचा कळस होता आणि जुन्या बाजारात असा चांगल्या स्थितीत सापडला तर आजही घ्यावा.

मग उलटा प्रवास सुरू झाला. स्रॅम कंपनीनं २००९ साली ‘एक्सएक्स’ संचात पुढची तीनाची दोन केली, मागं दहा चकत्या दिल्या. दोन चेनव्हीलची ही पायरी आमच्याकडे फार कमी सायकलींवर आली आणि लगेच गेलीही. २०१२ला ‘एक्सएक्स१’ : पुढं एकच, मागं अकरा, १०-४२. इथं एक साधी करामत होती. चेनव्हीलचे दाते एक आड एक जाड आणि बारीक केले. चेनच्या कड्याही एक आड एक रुंद-अरुंदच असतात; जाड दाता रुंद कडीत घट्ट बसतो आणि पुढचा डिरेलर नसतानाही चेन पडत नाही. त्याच सुमाराला मागच्या डिरेलरला क्लच आला, त्यामुळं खडीवर चेन फटके मारायची थांबली. २०१६ला ‘ईगल’ १०-५० घेऊन आलं, २०१८ला शिमानोच्या एक्सटीआरनं १०-५१ केलं.

मागचा पल्ला एका रांगेत ठेवून बघा. १४-२८ म्हणजे दुप्पट. ११-३४ तिपटीच्या वर. १०-४२ चारपटीच्या वर. १०-५१ पाचपटीहून थोडा जास्त. पाचपट पल्ला मागंच मिळू लागला, तेव्हा पुढची दोन चेनव्हील, एक डिरेलर, एक शिफ्टर, एक केबल एवढं सगळं फुकट ओझं झालं. २९ इंची चाकावर ३२चं चेनव्हील आणि ५१ची चकती धरली तर एका फेरीला एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. ३२ला १० धरला तर सव्वासात मीटरच्या थोडं वर. जुन्या ४८-१४चा वेग आणि जवळपास २२-३४चा हलकेपणा, दोन्ही एका चेनव्हीलमध्ये.

यावर एक आक्षेप जुने लोक हमखास घेतात : मागच्या चकत्यांत अंतर फार, वाऱ्यात सूर सापडत नाही. लांबलचक चढ आणि समोरचा वारा हीच आमची रोजची दशा असल्यानं मी आकडे लावून बघितले. १०-५१ मध्ये मधल्या चकत्या १८, २१, २४, २८ अशा जातात. जुन्या ११-३४ मध्ये १७, २०, २३, २६. अंतर दोन्हीकडे साधारण सारखंच. आक्षेप रस्त्यावरच्या सायकलीशी तुलना करून आलेला आहे, तिच्या चकत्या एकेक-दोनदोन दात्यांनी वाढतात.

दुसरी गोष्ट मात्र खरोखर खटकते. २०२०च्या टाळेबंदीनंतर सायकलींना एकदम मागणी आली, गिअरच्या सुट्या भागांची जगभर टंचाई झाली आणि त्याच काळात ‘वन बाय’, म्हणजे पुढं एकच चेनव्हील, ही फॅशन गावोगाव पोचली. पोरं सात चकत्यांच्या स्वस्त सायकलीची दोन चेनव्हील काढून टाकू लागली. दिसायला सायकल झकास दिसते. पण मागं फार तर १४-३४च असतं. पुढं ३२ ठेवलं तर वर २६ इंची चाकाला पावणेपाच मीटर आणि खाली जेमतेम दोन. चढही गेला, वेगही गेला. पैसे खर्चून काळ्या सायकलीकडे निम्मी वाट चालून येण्याचा हा प्रकार. मागं पल्ला नसेल तर पुढची तीन चेनव्हील मुकाट्यानं राहू द्यावीत.

ज्याला बारा चकत्यांची सायकल परवडते त्यानं कवठे महांकाळसाठी पुढं ३२ऐवजी ३० घालावं. खाली एक मीटर पस्तीसपर्यंत गिअर हलका होतो. वरचा वेग मिनिटाला नव्वद फेऱ्यांनीही ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास राहतो. चौपदरी झालेल्या रत्नागिरी-नागपूर महामार्गावर उताराला तो थोडा कमी पडेल, पण ट्रकांच्या शेजारून याहून जोरात जायचंय कुणाला?

राहिला झिजेचा प्रश्न. इथला मुरमाचा फुफाटा तेलात मिसळला की चेनला कानसच लागते. बारा चकत्यांची चेन अरुंद, दहा दात्यांची चकती आधी झिजते, आणि चेन वेळेत बदलली नाही तर सगळी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, घालवावी लागते. रॉकेलनं धुऊन पुन्हा इंजिन ऑइल ओतायची जुनी सवय इथं महागात पडते; कोरड्या दिवसांत पातळ तेल, तेही पुसून, पुरतं. शिमानोनं २०२३ साली आणलेल्या ‘क्यूज’ संचात नऊ, दहा आणि अकरा चकत्यांना एकाच प्रकारची चेन चालते, आणि दाते जाड केल्यानं ते तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे. त्या दाव्याची परीक्षा ढालगावच्या माळावर दोन उन्हाळे काढल्यावर होईल. पण सुटे भाग सांगली-मिरजेवरूनच आणायचे असतील, तर मागच्या दोन चकत्या कमी घेऊन मिस्त्रीला जुळवता येईल असा संच निवडण्याकडे माझा कल आहे.